सदर नावाचं झाड

तुम्ही आमच्या दारातलं झाड पाडलंत आणि ते कोणतं झाड होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. तुमचं खातं झाडांचं, दारावरच्या पाटीवर हिरवं पान रंगवलेलं, आणि त्या इमारतीचे तीन मजले चढून-उतरून मला एक माणूस असा भेटला नाही जो म्हणेल, हो बाबा, ते अमुक झाड होतं. मी सुतार आहे, सातवी नापास. लिहायला-वाचायला आलंय ते रद्दीच्या पुस्तकांवर. भाषा खरखरीत लागली तर लागू दे, रंधा मारायला मला वेळ नाही.

मामला लाकडाचा नाही, अठरा मुलांचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पहिल्या पानाचं तुमच्याकडे काय होतं ते पुढे येणारच आहे.

माझ्या वर्कशॉपला लागून ताईचं पाळणाघर आहे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पुढची खोली खेळायची, मागची झोपायची. मागच्या खोलीवर पत्रा आहे आणि पलीकडे उंच भिंत. दुपारी एक ते तीन अठरा मुलं तिथं ओळीनं झोपतात, आणि तेवढे दोन तास ताई मला करवत लावू देत नाही. मी तेव्हा पॉलिश पेपर घासतो, तोही हळू.

आमच्या दोघांच्या दारांमध्ये ते झाड होतं. मी जन्मलो तेव्हाही होतं. कुणी लावलं माहीत नाही, नाव काय माहीत नाही. नावाची गरजच पडली नव्हती. गल्लीत 'झाडाखाली भेट' म्हटलं की माणूस बरोबर तिथंच यायचा.

मग एक दिवस तुमचा माणूस खळीचा डबा घेऊन आला आणि बुंध्यावर कागद चिकटवून गेला. 'सदर वृक्ष आतून पोखरला असून तो केव्हाही कोसळू शकतो. सबब सदर वृक्ष तोडण्यात येत आहे. लाकूड हवे असल्यास झाडाचे नाव व लाकडाचा वापर नमूद करून सात दिवसांत अर्ज करावा.' खाली तुमची सही. सही म्हणजे पटाशी निसटल्यावर फळीवर उमटतो तसला ओरखडा.

मी तो काकांना वाचून दाखवला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, माझे गुरू. वय अठ्ठ्याहत्तर, डोळे अधू, पण नाक असं की फळी वर्कशॉपच्या पायरीवर असते तेव्हाच आतून सांगतात, 'साग आहे, पण ओला आहे, फसवलंय तुला.' त्यांनी आयुष्यात सगळं केलं, फक्त 'मला माहीत नाही' हे तीन शब्द कधी उच्चारले नाहीत.

"काय म्हणालास? कुठला वृक्ष?"

"सदर वृक्ष."

काकांनी बुंध्याच्या दिशेनं नाक वळवलं. मग म्हणाले, "सदर. मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"पोखरतं ते. सदरचा गाभा कच्चा. आमच्या उस्तादांकडे यायचं पूर्वी, जहाजातून."

"मी तर कधी ऐकलं नाही."

"तू काय काय ऐकलं नाहीस त्याची यादी करायला घेतली तर कागद पुरायचा नाही."

आता तुम्ही हसाल. हसा. 'सदर' हा शब्द मी कधी पाहिला नव्हता असं नाही. नोटिसांमधून तो फिरताना दिसतो, पण नोटिशीतले निम्मे शब्द मी रस्त्यातल्या अनोळखी माणसांसारखे सोडून देतो. वर्तमानपत्रात सदर असतं, जुन्या कचेरीत सदर असते, मग जंगलात का नसावं? आणि कागद काय म्हणतो यापेक्षा काका काय म्हणतात यावर माझं पोट चाललंय. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, आपल्या दारातलं झाड सदरचं. शेजारची शिवणवाली ताईला म्हणाली, "बाई, इतकी वर्षं मी सदराखाली सदरे शिवत बसले आणि मला पत्ता नाही."

तिसऱ्या दिवशी झाड पडलं. दोर, यंत्राची करवत, आरडाओरडा, मग एकदम ऊन. पुढच्या खोलीत इतकं ऊन आलं की मुलं डोळे चोळायला लागली. मी ओंडक्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. सोललेल्या बटाट्यासारखी बाहेरची पांढरी कड, आत तांबूस तपकिरी गाभा, आणि अगदी मध्यापर्यंत एक भोक नाही, एक भेग नाही.

मुकादमाला विचारलं, "पोखरलेलं कुठे आहे?"

"आत."

"हे आतच आहे."

"मग अजून आत असेल," तो म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला. फांद्या, पानं, फळं, सगळं भरून नेलं, गल्ली झाडून नेली म्हणा. ठेवला फक्त ओंडका. बारा फूट लांब आणि माझ्या मिठीत न मावणारा.

मी एक ठोकळा कापला. रंधा मारला आणि खरं सांगतो, मला झाड पडल्याचा विसर पडला. लाकूड असं की रंध्याखाली कुरकुर नाही. ढलपी निघाली ती हातभर, वळत वळत, न तुटता. ठोकलेला खिळा धरून ठेवतं, उपसताना कड फाटत नाही. पाण्यानं पुसलं की गाभ्यात लाटा दिसायच्या. असं लाकूड माझ्या हातात वीस वर्षांत आलं नव्हतं. ताईला म्हणालो, "मुलांना बाकं करतो. याच झाडाची. चार लांब, दोन बुटकी."

ताईनं ठोकळा हातात घेतला, उलटापालटा केला. "मुलं चावतात, माहीत आहे ना?"

"काय चावतात?"

"सगळं चावतात. टेबलाची कड बघ, उंदरानं खाल्ल्यासारखी झालीय. मूल हे तोंडात घालणार, हे धरून चाल. मग मला सांग, हे विषारी नाही ना?"

"काका म्हणतात सदर आहे."

"सदर विषारी असतं का?"

मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "नसतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "थोडं असतं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं.

लाकूड काय काय करू शकतं हे तुम्ही कापत नाही म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. काही लाकडांच्या भुशानं डोळे सुजतात, काहींनी दम लागतो, काहींच्या फळीवर ठेवलेलं खाऊ नये. ठोकळा कापला त्या दिवशी माझे डोळे चुरचुरत होते. लाकडानं की उन्हानं, ते मला सांगता येईना. म्हणून मला नाव हवं होतं. नाव कळलं की कुणाला तरी विचारता येतं. बिननावाच्या लाकडाबद्दल विचारणार काय?

पण अर्जाचे सात दिवस संपत आले होते. तुमच्या खिडकीवर जो कारकून बसतो त्याला गल्लीत सगळे 'सोमवार' म्हणतात, कारण कुणीही काहीही घेऊन गेलं की तो म्हणतो, सोमवारी या. मी सोमवारीच गेलो, त्यामुळे तो जरा गोंधळला. फॉर्मवर मी लिहिलं होतं, झाडाचे नाव: सदर. वापर: मुलांसाठी बाके.

त्यानं वाचलं. "झाडाचं नाव सदर?"

"तुमच्याच कागदावर आहे."

त्यानं माझा फॉर्म आणि तुमची नोटीस शेजारी शेजारी ठेवली, एक बोट इकडे, एक बोट तिकडे, आणि म्हणाला, "जुळतंय." मग एक छापील पावती पुढे केली. 'सदर वृक्ष पूर्णपणे तोडण्यात आल्याची मी खात्री केली असून सदर वृक्षाचे लाकूड मला मिळाले आहे.' मी सही केली. माझी सही स्पष्ट आहे, सुवाच्य आहे, एका ओळीत आहे. तिथंच माझा घात झाला.

परतताना ठोकळा घेऊन वखारवाल्याकडे गेलो. हा माणूस लाकडाशी असं बोलतो जसं डॉक्टर नाडीशी. म्हटलं, "सदर मिळालंय, बघा जरा, पोरांना चालेल का."

"काय मिळालंय?"

"सदर."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "अरे, सदर म्हणजे 'वर सांगितलेलं ते'. सरकारी भाषा आहे. सदर इसम, सदर जागा, सदर गाय. लाकूड नाही ते."

वखारवाला हसला नाही, त्याचे सगळे हमाल हसले. त्या दिवसापासून गल्लीत मला 'सदर सुतार' म्हणतात. मी ऐकून घेतो. पण हसणं थांबल्यावर वखारवाल्यानं एक साधा प्रश्न विचारला, जो तुमच्या तीन मजल्यांत कुणाला सुचला नव्हता.

"मग वर काय सांगितलंय?"

खिशातली नोटीस मी उघडली. 'सदर' शब्दाच्या वर काहीच नव्हतं. कोरा कागद, आणि कोपऱ्यात बारीक आकडा: २.

वखारवाल्यानं ठोकळ्याचं टोक धारदार सुरीनं साफ कापलं, भिंग लावलं, पाण्याचा थेंब टाकला, नखानं दाबलं, नाकाशी धरलं. मग म्हणाला, "वजन शिसवाचं. रंग तुतीचा. भोकं शिरीषासारखी, पण बारीक. वास ओल्या पाटीचा. हे सगळं एका झाडात बसत नाही."

"पण बसलंय."

"बसलंय खरं. पान आण. पानाशिवाय मी नाव घेणार नाही. चुकीचं नाव म्हणजे चुकीचं औषध."

पान कुठून आणू? पानं तुम्ही ट्रकनं नेलीत. त्या रात्री मला झोप लागली, कारण दिवसभर काम केलं होतं, पण स्वप्नात मी खोडाला नावं चिकटवत होतो आणि सगळी खाली पडत होती.

पानं सापडली ताईच्या भिंतीवर. मुलांनी पानांना रंग फासून कागदावर ठसे उमटवले होते, अठरा कागद, दोऱ्याला चिमट्यांनी टांगलेले. मी ते सगळे काढले. एक मुलगी रडली. तिला म्हटलं, परत आणतो, आणि तुमच्यापेक्षा वेगळा असल्यामुळे परत आणलेही.

मोठ्या रस्त्याला रोपवाटिका आहे. तिथली बाई कुंड्यांमध्ये माती भरत होती. हात पुसून तिनं कागद एकेक करून पाहिले आणि दोन गठ्ठे केले.

"ही दोन वेगळी झाडं आहेत."

"एकच झाड होतं हो. दारात."

"दादा, हे बघा. हे रुंद पान, कडेला दाते. आणि हे बारीक पान, टोकदार, त्यात किड्यांची भोकंच भोकं. मुलं खोटं पान उमटवत नाहीत."

"रुंद पानाचं नाव काय?"

तिनं तो कागद उजेडात धरला, फिरवला, तोंड वाकडं केलं. "नाही ओळखता येत. कुणीतरी लांबून आणून लावलेलं असणार. पण हे दुसरं मी ओळखते. हे आतून सडतं. बाहेरून हिरवं, पानंही फुटतात, आणि खोड डब्यासारखं रिकामं. हे कुठे आहे?"

मी ताईला विचारलं. ताईनं मुलांना विचारलं. साडेतीन वर्षांच्या एका पोरानं हात धरून मला मागच्या खोलीत नेलं, दार उघडून मागच्या बोळकंडीत नेलं, आणि वर बोट केलं. भिंतीपलीकडून फांद्या ताईच्या पत्र्यावर आल्या होत्या. पानं बोळात पडायची, मुलं वेचायची. आम्ही मोठी माणसं त्या बोळात फक्त मोडक्या बादल्या ठेवायला जातो, वर कोण बघतं?

भिंतीपलीकडे टायरचं गोदाम आहे, त्याचा रस्ता पलीकडून. वळसा घालून गेलो. रखवालदार म्हणाला, "आलात का शेवटी? आमच्या मालकानं वर्षापूर्वी अर्ज दिला होता या झाडाचा." त्याला वाटलं मी तुमचा माणूस आहे. मी बुंध्यावर लाकडी मोगरी मारली. लाकडावर मोगरी मारली की 'ठक' वाजतं. हे 'ढम' वाजलं. मुळाशी भूछत्रं होती, खोडाला कान उगवल्यासारखी. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो ओल्या भुशानं माखून. झाड झुकलं होतं ते सरळ ताईच्या पत्र्यावर. दुपारचे दोन वाजले होते. त्या पत्र्याखाली अठरा मुलं झोपली होती.

ताईला मुलं उठवून पुढच्या खोलीत न्यायला सांगितलं आणि मी धावलो ते तुमच्याकडे. सोमवार नव्हता, तरी मी आत घुसलो. कारकुनाला म्हटलं, पान एक काढा. तो म्हणाला, फाईल वरच्या मजल्यावर आहे. वर गेलो. वर म्हणाले, खाली आहे. शेवटी ती त्याच्याच खुर्चीवर सापडली, खुर्ची बुटकी पडते म्हणून तो तिच्यावर बसत होता. पान एक तिच्यात होतं. 'पाळणाघराच्या मागील भिंतीलगत, गोदामाच्या आवारातील वृक्षाची पाहणी करण्यात आली.' आणि पान दोन, जे सुटं होऊन खळीच्या डब्याबरोबर आमच्या गल्लीत आलं, ते सुरू होतं: 'सदर वृक्ष'.

म्हणजे चोर सोडून तुम्ही संन्याशाला फाशी दिलीत, आणि संन्याशाचं नावही विचारलं नाहीत.

मी म्हटलं, "आता तरी ते मागचं काढा. आज."

कारकुनानं रजिस्टर उघडलं. "सदर वृक्ष तोडलेला आहे."

"तोडलेला नाही. उभा आहे. मी हात लावून आलोय."

"नोंद आहे. तोडलेलं झाड पुन्हा तोडता येत नाही."

"नोंद चुकीची आहे."

त्यानं पावती माझ्यासमोर फिरवली. "खात्री केल्याची सही कुणाची?"

सही माझी होती. स्पष्ट, सुवाच्य. तेव्हा तुमचं दार अर्धं उघडलं आणि तुम्ही डोकं बाहेर काढून म्हणालात, "काय गडबड आहे?" मी सांगितलं. तुम्ही पूर्ण ऐकलंत, हे मान्य करतो. मग विचारलंत, "दुसऱ्या झाडासाठी नवीन अर्ज द्या. झाडाचं नाव काय?" मी म्हटलं, सदर. सवयीनं निघून गेलं. तुम्ही म्हणालात, "त्या नावाचं झाड तर तोडलंय," आणि दार लावलंत.

मी जिन्यात बसलो. मला खरंच कळेना की मी खुळा की तुम्ही. एका झाडाला नाव नाही आणि ते आडवं आहे. दुसऱ्याला नाव आहे, ते कागदावर आडवं आहे आणि जागेवर उभं आहे. आणि दोन्हींच्या मधे माझी सही.

त्याच संध्याकाळी ताईनं मागची खोली रिकामी केली. काही विचारलं नाही, चटया उचलल्या आणि माझ्या वर्कशॉपमध्ये आणल्या. आता मुलं माझ्या कामाच्या बाकाखाली, फळ्यांच्या थप्पीशेजारी झोपतात. यंत्र सकाळपासून बंद. भुसा रोज दोनदा झाडतो तरी एक पोरगं खोकतं. ते दारातल्या लाकडानं की जुन्या सागानं, हेही मला सांगता येत नाही. पण खोली रिकामी झाली म्हणून प्रश्न सुटला नाही. पुढची खोली मागच्या खोलीच्याच भिंतीला धरून आहे. झाड पडेल तेव्हा मोजून मागच्या खोलीवरच पडेल, असं त्यानं लिहून दिलेलं नाही.

ओंडक्याच्या बाकांचा बेत सोडला. तुळया कापल्या, चार. रखवालदारानं गोदामाचं फाटक उघडून दिलं आणि त्या पोकळ झाडाला आम्ही टेकू दिले. काका खुर्ची घेऊन आले होते. मी तुळई खोडाला भिडवली, पाचर मारली. तुळई हूं की चूं करेना. काकांनी तिच्यावरून तळहात फिरवला, मग नाक टेकवलं, बराच वेळ.

"सदर नाही हे," ते म्हणाले.

"नाही, काका."

"काय आहे मग?"

"तुम्ही सांगा."

भुसा पुसायच्या निमित्तानं त्यांनी चष्मा काढला. "मला माहीत नाही," ते म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पण लाकूड चांगलं आहे. कुणी लावलं असेल त्याला कळत होतं."

टेकू किती दिवस धरतील ते मला माहीत आहे, आणि ते फार नाहीत. टेकू दिल्यानं झाड पडायचं थांबत नाही, पडताना फक्त थोडा विचार करतं. वारा सुटला की मी मोगरी घेऊन तिकडे जातो आणि पाचरी ठोकतो. तुमच्या फॉर्मच्या माझ्याकडच्या प्रतीत 'वापर' या रकान्यात आता मी 'बाके' खोडून 'टेकू' लिहिलंय.

तेव्हा हा नवीन अर्ज. नावाचा रकाना कोरा ठेवतोय, कारण नाव लिहिलं की तुम्हाला जुळवता येतं. झाड ओळखायचं तर या, मी दाखवतो. एक आडवं आहे, चार तुळयांमध्ये कापलेलं. दुसरं त्या तुळयांवर रेलून उभं आहे. दोन्हींना हात लावा, मोगरी मी देतो, आवाज तुम्ही ऐका. आणि मग इथंच, ताईच्या पत्र्याखाली उभं राहून, मुलं झोपायची त्या जागेवर, मला तोंडावर सांगा: यातलं सदर कोणतं?